ऑफिसचा घरगुती डबा: तीस डबे रोज वेळेवर पोहोचवण्याची पूर्ण पद्धत

डब्याचं काम सुरू करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा मेनूची होते. भरलं वांगं किती छान होतं, शेंगदाण्याची चटणी सगळ्यांना कशी आवडते, वगैरे. ते खरंही असतं. पण दुपारच्या डब्याचं गिऱ्हाईक तुटतं ते चव बिघडल्याने कमी आणि डबा दीडला पोहोचल्याने जास्त. ज्याची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आहे, तो दोनदा वाट बघतो आणि तिसऱ्या दिवशी खाली वडापाव खायला जातो. म्हणून आधी रस्ता ठरवायचा, मग वेळ, आणि मग त्या वेळेत बसेल असा स्वयंपाक. पुढची मापं तीस डब्यांची आहेत. एक स्वयंपाक करणारी व्यक्ती, पोळ्यांना एक मदतनीस आणि एक दुचाकी एवढ्यात तीस डबे नीट होतात.

रस्ता आणि गिऱ्हाईक

छत्रपती संभाजीनगरचं उदाहरण घेऊ. स्वयंपाकघर गारखेड्यात किंवा सिडकोत असेल तर जालना रोडचा पट्टा धरावा: क्रांती चौक, आकाशवाणी, सेव्हन हिल, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि पुढे चिकलठाणा. एकाच सरळ रस्त्यावर बँका, विम्याची ऑफिसं, दवाखाने, शोरूम मिळतात. त्याच स्वयंपाकघरातून वाळूजचे पाच डबे घेण्याचा मोह टाळा. त्या पाच डब्यांसाठी दुचाकी एकीकडे अडकते आणि उरलेले पंचवीस उशिरा पोहोचतात. वाळूजचं काम करायचं असेल तर स्वयंपाकघर बजाजनगरात हवं.

गिऱ्हाईक शोधताना एकेकटा माणूस शोधू नका, इमारत शोधा. एका जागी पाच-सहा डबे उतरतात अशा पाच-सहा जागा मिळाल्या की रस्ता तयार झाला. तीस माणसं तीस ठिकाणी असतील तर एका दुचाकीला ते झेपत नाही.

प्रत्येक जागेची जेवणाची वेळ आणि सुट्टीचे दिवस आधी लिहून घ्या. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. त्यामुळे दिल्ली गेटकडच्या विभागीय आयुक्तालयात किंवा तिथल्या इतर कार्यालयांत डबे देत असाल तर शनिवार-रविवार धंदा शून्य. त्यांची जेवणाची सुट्टी एक ते दोनच्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धा तास असते. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद. एमआयडीसीत शनिवारी काम चालतं, पण साप्ताहिक सुट्टीचा वार आणि जेवणाची वेळ कंपनीगणिक वेगळी. जनरल शिफ्टवाले काही ठिकाणी साडेबारालाच जेवायला बसतात. मोठ्या कारखान्यांना कायद्याने कॅन्टीन चालवावं लागतं, तेव्हा तिथे फेऱ्या मारू नका. लहान वर्कशॉप, गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं ही तुमची गिऱ्हाइकं.

सुरुवात पंधरा डब्यांनी करा. तीन दिवसांचा नमुना द्या, पण पैसे घेऊन. फुकट नमुना सगळे खातात आणि त्यातून कोण टिकणार ते कळत नाही.

कागदपत्रं

अन्नसुरक्षा कायदा २००६ प्रमाणे घरातून डबे विकायलाही नोंदणी लागते. लहान व्यवसायाची नोंदणी फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर होते. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा लागतो आणि किती उलाढालीला कोणता प्रकार, किती शुल्क ते अर्ज भरताना दिसतं. मिळालेला चौदा आकडी क्रमांक बिलावर आणि स्वयंपाकघरात लावायचा. काम करणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून दाखला ठेवा. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी मोफत आहे, बँकेकडून कर्ज घ्यायचं असेल तर कामाला येते.

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरणं नियमाविरुद्ध आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. तीस डब्यांना रोज साधारण एक ते सव्वा किलो गॅस जातो, म्हणजे सिलिंडर पंधरा ते एकोणीस दिवस. दुसरा भरलेला घरात हवाच. सकाळी नऊला गॅस संपला तर त्या दिवशीचा डबा गेला.

पाणी

मराठवाड्यात हा मुद्दा कागदपत्रांपेक्षा मोठा आहे. तीस डब्यांच्या स्वयंपाकाला, भाजी धुण्यासकट, चाळीस लिटरपर्यंत पाणी लागतं. डबे आणि भांडी घासायला आणखी दीडशे. म्हणजे रोजचे दोनशे लिटर धरून चाला. नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी येत असेल तर घरच्या वापराव्यतिरिक्त हजार-बाराशे लिटरची वेगळी, झाकणाची टाकी हवी. कणीक, वरण आणि भातासाठी जारचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. टँकरचं पाणी भांड्यांना चालेल. स्वयंपाकात ते चवीलाही कळतं आणि डाळही नीट शिजू देत नाही, कारण जड पाण्यात तूर कच्चट राहते. घाई असेल तर कुकरला चिमूटभर सोडा घालणारे घालतात, पण वरणाचा रंग आणि चव दोन्ही उतरतात. त्यापेक्षा डाळ अर्धा तास कोमट पाण्यात भिजत ठेवा.

डबे

तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा घ्या. प्रत्येक गिऱ्हाइकामागे दोन डबे लागतात: आजचा भरलेला द्यायचा, कालचा रिकामा आणायचा. तीस गिऱ्हाइकांना साठ, वर सहा-सात जादा, कारण कोणी ना कोणी डबा घरी नेतोच. डब्याची अनामत रक्कम पहिल्या दिवशीच घ्या.

वरणाचा कप्पा रबरी रिंग आणि क्लिप असलेला हवा. तो काठोकाठ भरू नका, पाऊण भरा. गरम वरणाची वाफ झाकण उचलते आणि खड्ड्यात दुचाकी आपटली की वरण पोळीत जातं. रिंग रोज काढून धुवायची. डबा घासूनही वास येत असेल तर दहापैकी नऊ वेळा तो रिंगखाली अडकलेल्या तेलाचा असतो. सैल झालेली रिंग लगेच बदला. भांड्याच्या दुकानात सुट्या मिळतात.

भांड्याचा दुकानदार नाव घालतो तसा प्रत्येक डब्यावर खुणेचा क्रमांक कोरून घ्या. स्टिकर आठवड्यात निघतो. क्रमांकात तीन गोष्टी असाव्यात: रस्त्यावरचा थांबा, माणूस आणि डब्याची जोडी. उदाहरणार्थ ४-०३-अ म्हणजे चौथा थांबा, तिसरा माणूस, जोडीतला पहिला डबा. मुंबईचे डबेवाले अशाच खुणांवर काम करतात. त्यांचं काम १८९० च्या सुमारास सुरू झालं. मात्र ते गिऱ्हाइकाच्याच घरचा डबा लोकलने नेतात. इथे लोकल नाही, स्वयंपाकही आपलाच, त्यामुळे खूण साधी पुरते.

मापं

एका डब्याचं माप असं: चार पोळ्या, शिजलेली भाजी १३० ग्रॅम, वरण किंवा आमटी १५० मिली, भात १५० ग्रॅम, चटणी किंवा ठेचा १० ग्रॅम, लिंबाची फोड. तीस डब्यांना कोरडा माल पुढीलप्रमाणे.

- कणीक ३.६ किलो (एका पोळीला ३० ग्रॅम), पाणी सव्वादोन लिटरच्या आसपास
- तूरडाळ ७५० ग्रॅम, त्याचं साडेचार लिटर वरण
- तांदूळ दीड किलो
- तेल ६०० मिली. त्यातलं निम्मं भाजीला, बाकी पोळ्या आणि फोडण्यांना
- भाजी निवडलेली साडेचार किलो

बाजारातून किती आणायची ते भाजीवर अवलंबून. गवार, बटाटा, वांगं यांत दहा-पंधरा टक्के घट धरा. फुलकोबीत देठ-पानांत चाळीस टक्के जातात. मेथी, अंबाडी, चुका यांत निम्मं देठ आणि शिजल्यावर उरलेलं आणखी बसतं. नुसत्या मेथीने तीस कप्पे भरत नाहीत, तिच्यात अर्धा-पाऊण किलो भिजवलेली मूगडाळ घाला.

मीठ अंदाजाने घालू नका. चार किलो शिजलेल्या भाजीला ४५ ते ५० ग्रॅम. भाजीचं प्रमाण तिप्पट केलं म्हणून तिखट आणि येसर मसाला तिप्पट घालू नये. मोठ्या पातेल्यात पाणी कमी आटतं आणि मसाला जास्त जाणवतो, म्हणून हिशेबाच्या तीन-चतुर्थांशाने सुरुवात करून चाखून वाढवा. आणि मराठवाड्याच्या तिखटावर वाढलेलं गिऱ्हाईक असलं तरी बँकेत बदलून आलेला माणूस बाहेरचा असतो. भाजी मध्यम ठेवा, ठेचा वेगळा द्या.

सकाळ

वेळ उलटी मोजायची. पहिल्या थांब्यावर १२:१५, शेवटच्यावर १२:५५. म्हणजे दुचाकी ११:४५ ला निघाली पाहिजे आणि ११:३० ला शेवटचा डबा बंद.

आदल्या रात्री भाजी निवडून ठेवा. चिरू नका, अपवाद गवार आणि घेवडा. कडधान्य भिजवा. दुसऱ्या दिवशीचे खाडे रात्री आठपर्यंत घ्या आणि आकडा फळ्यावर लिहा.

सकाळी ७:३० ला डाळ भिजत घाला आणि भाजी चिरायला घ्या. आठला कणीक मळा: एकदम सगळी नाही, दोन घाण्यांत, म्हणजे दुसरी सैल पडत नाही. कणीक अर्धा तास झाकून ठेवल्याशिवाय लाटायला घेऊ नका. ८:४५ पासून पोळ्या. एक लाटणारी आणि एक भाजणारी असेल तर तासाला सत्तर-ऐंशी पोळ्या होतात, म्हणजे १२० पोळ्यांना दीड-पावणेदोन तास. त्याच वेळी दुसऱ्या शेगडीवर ९:१५ ला कुकर, साडेनऊला भाजीची फोडणी. भात सगळ्यात शेवटी, सव्वादहाला. वरणाला उकळी फुटली की डब्यात, तोवर ते आचेवरच.

भरण्याचा क्रम भाजी, भात, वरण, पोळी. डबे रस्त्याच्या उलट्या क्रमाने पिशवीत: शेवटच्या थांब्याचा डबा तळाला.

काय बिघडतं आणि का

पोळी कडक होते, याची दोन कारणं. कणीक घट्ट मळलेली, किंवा तवा मंद, त्यामुळे पोळी भाजायला वेळ लागून सुकते. तवा चांगला तापलेला हवा आणि कणकेत किलोला दोन चमचे तेलाचं मोहन. उलट, पोळी ओली-चिकट होते ती गरम असताना फॉइलमध्ये गुंडाळल्याने. वाफ आतच पाणी होते. पोळ्या टोपलीत सुती कापडावर पाच मिनिटं उघड्या ठेवा, मग चवड करून कापडात झाका आणि डब्यात बटर पेपरमध्ये द्या.

भाकरी द्यायची असेल तर आठवड्यातून एकच वार ठरवा, आधी जाहीर करा. तीस डब्यांना दोन-दोन म्हणजे साठ भाकरी, साधारण पाच किलो पीठ. एक व्यक्ती दोन तव्यांवर तासाला तीस-पस्तीस भाकरी करते, म्हणजे त्या दिवशी एक तास आधी उठणं आलं. मालदांडी ज्वारी आणि त्याच आठवड्यातलं दळण वापरा. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते आणि बारा वाजेपर्यंत पापड होते. काठवटीत पीठ आधणाच्या पाण्याने भिजवलं तर दुपारपर्यंत मऊ राहते. भाकरीसोबत झुणका द्या. पातळ पिठलं डब्यात थिजून वडीसारखं होतं.

कुटाच्या आणि बेसनाच्या रस्सा भाज्या गार होताना घट्ट होतात. म्हणून शेगडीवर असताना त्या तुम्हाला थोड्या पातळ वाटल्या पाहिजेत. शेवभाजीत शेव घालून पाठवू नका, रस्सा कप्प्यात आणि शेव पुडीत. कोबी बंद डब्यात वास सोडतो. फोडणीत जास्त परता आणि झाकण न ठेवता शिजवा. चिरलेली काकडी मीठ लावून दिली की कप्प्यात पाणी होतं, त्यामुळे फोडी बिनमिठाच्या. कापलेला कच्चा कांदा देऊच नका.

भाताबद्दल जरा जास्त सावध राहा. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजूनही जिवंत राहतात आणि भात तासन् तास कोमट राहिला की वाढतात. त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. कालचा भात फोडणी देऊन आज डब्यात घालणं, जे घरी सर्रास चालतं, ते इथे अजिबात नको. मसालेभाताच्या दिवशीही भात ताजाच.

एकंदर नियम असा की अन्न ६० अंशांच्या वर असावं नाहीतर ५ अंशांच्या खाली; मधल्या पट्ट्यात जितका वेळ कमी तितकं बरं. सळईचा थर्मामीटर थोडक्या पैशांत मिळतो. भाजी-वरण ८० अंशांच्या वर असताना भरा. पहिल्या आठवड्यात एक जादा डबा भरून दुचाकीवर पाठवा आणि शेवटच्या थांब्यावर उघडून तापमान बघा. साठाच्या खाली गेलं असेल तर पिशवी बदला किंवा थांबे कमी करा. डबे पिशवीत घट्ट बसलेले असतील तर एकमेकांना गरम ठेवतात. अर्धी रिकामी पिशवी लवकर गार होते, फटीत जुनी चादर कोंबा.

मार्च ते जून वेगळा मेनू ठेवा. पारा चाळिशीपुढे गेला की खोबऱ्याचं वाटण, उकडून कुस्करलेला बटाटा, पनीर आणि कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर आधी आंबतात. त्या महिन्यांत कोरड्या चटण्या, मटकी-चवळी, गवार, दोडका, भेंडी आणि कैरीची डाळ चालते, मात्र कैरीची डाळ त्याच सकाळी वाटलेली. दही द्यायचंच असेल तर बंद पाकीट द्या.

वाटप

एका थांब्याला चार मिनिटं धरा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चढून द्यायचं कबूल केलंत की ती सात होतात आणि सहाव्या थांब्याला तुम्ही पंधरा-अठरा मिनिटं मागे. तळमजल्यावर, वॉचमनकडे किंवा शिपायाकडे डबे उतरवायचे हे पहिल्याच दिवशी ठरवा. कारखान्यात दुचाकी गेटच्या आत सोडत नाहीत. सुरक्षा केबिनबाहेर एक प्लास्टिकचा क्रेट ठेवण्याची परवानगी कंपनीकडून घ्या आणि रिकामे डबे त्याच क्रेटमध्ये मागा. वाटप करणाऱ्याकडे थांबे, क्रमांक आणि संपर्काचा कागद असावा, फक्त मोबाइलवर नको. तो आजारी पडला तर दुसरा माणूस त्या कागदावर रस्ता करू शकला पाहिजे.

रिकामा डबा परतला की आधी गार पाण्याने विसळा, मग गरम पाणी आणि साबण, शेवटी कडक पाण्याचा हात. कापडाने न पुसता उन्हात किंवा जाळीवर पालथे वाळवा. भांडी पुसायचं ओलं फडकं सगळ्यात घाण असतं.

हिशेब आणि खाडे

एका डब्याचा खर्च उदाहरणादाखल मांडू. भाव तुमच्या बाजाराचे घाला. कणीक ५ रुपये, डाळ ३, तांदूळ ३, भाजी ८, तेल ३, मसाला-कूट-चटणी ४, लिंबू वगैरे २, गॅस ४. झाले ३२. पोळ्यांची मदत ८, वाटप १५, डब्यांची झीज आणि साबण २. एकूण ५७. डबा ८० रुपयांना दिला तर २३ उरतात. तीस डबे, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे १६,५६० रुपये. यात स्वयंपाक करणाऱ्याची मजुरी वेगळी धरलेली नाही, हे विसरू नका. साठ रुपयांत डबा देणाऱ्या शेजाऱ्याशी स्पर्धा करायला निघालात तर त्या मजुरीतूनच पैसे जातात.

पैसे आगाऊ घ्या, वीस किंवा चोवीस डब्यांच्या कार्डावर. महिन्याच्या हिशेबापेक्षा कार्ड बरं, कारण सुट्ट्यांवरून वाद होत नाही. खाड्याचा नियम लेखी द्या: आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं तर डबा पुढे सरकेल, सकाळी कळवलं तर डबा भरलेला मानला जाईल. पहिल्या महिन्यात ओळखीपाळखीत हा नियम मोडला की पुन्हा लागू होत नाही. उपवासाचे दिवस कॅलेंडरवर आधीच खुणा करा. श्रावणी सोमवार, एकादशी, चतुर्थी आणि नवरात्रात तीसपैकी आठ-दहा डबे गळतात. साबुदाणा खिचडी-शेंगदाणे आमटीचा उपवासाचा डबा ठेवायचा असेल तर किमान आठ मागण्या असतील तरच. तीन डब्यांसाठी वेगळी कढई, वेगळी शेगडी परवडत नाही.

तिसाच्या पुढे

तीसवरून पंचेचाळीसवर जाताना घोळ होतो, कारण माणसं तेवढीच ठेवून पातेलं मोठं केलं जातं. पोळ्या १८० होतात आणि दीड-पावणेदोन तासांच्या जागी अडीच लागतात. ती वेळ भातातून आणि भरण्यातून कापली जाते. चाळिसाच्या पुढे दुसरी भाजणारी आणि दुसरी दुचाकी एकाच दिवशी आणा, मगच नवी गिऱ्हाइकं घ्या.

लातूर, नांदेड, परभणी, धाराशिवमध्ये गणित थोडं वेगळं बसतं. अंतरं कमी, त्यामुळे स्थानिक नोकरदार दुपारी घरी जेवायला जाऊ शकतो. तिथे डबा लागतो तो बदलून आलेल्या बँक कर्मचाऱ्यांना, दवाखान्यांतल्या स्टाफला आणि बाजार समितीच्या आडतींवरच्या मुनिमांना. लातूरला शिकवणीसाठी आलेल्या विद्यार्थ्यांची मागणी मोठी आहे, पण तो दोन वेळच्या मेसचा धंदा झाला. त्याचं माप, भाव आणि वेळ ऑफिसच्या डब्यात मिसळू नका. आडतीवर डबा देणार असाल तर सौदे किती वाजता संपतात ते विचारा. हंगामात जेवण दोनच्या पुढे जातं, आणि तेवढ्या थांब्यांसाठी भात अर्धा तास उशिरा लावून दुसरी फेरी करावी लागते.